दहा वर्षांत मोडीत निघालेला ऑन्टारियोचा रेसिंग ट्रॅक

अंधेरी तालुक्यातील जुहूच्या धावपट्टीवर एके काळी मोटारींच्या शर्यती व्हायच्या. धावपट्टी मूळची विमानांची, त्यामुळे शर्यतीसाठी वेगळी जमीन अडकवावी लागली नाही. अमेरिकेत मात्र खास शर्यतीसाठी सुमारे ८०० एकर जमीन घेतली गेली आणि ट्रॅक जेमतेम दहा वर्षे टिकला.

हे ऑन्टारियो म्हणजे कॅनडातले नव्हे, तर कॅलिफोर्नियातले, लॉस एंजेलिसच्या पूर्वेला साधारण ६५ किलोमीटरवर. भाग द्राक्षबागांचा. तिथे इंडियानापोलिसच्या प्रसिद्ध ट्रॅकच्या धर्तीवर २.५ मैलांचा, म्हणजे ४ किलोमीटरचा अंडाकृती ट्रॅक बांधला. खर्च २ कोटी ५५ लाख डॉलर. ६ सप्टेंबर १९७० च्या पहिल्या मोठ्या शर्यतीला सुमारे १ लाख ८० हजार माणूस लोटला. जिम मॅकेलरीथ जिंकला. शर्यतीला एवढी गर्दी पुन्हा झाली नाही. १९७४ मध्ये याच मैदानावर गाण्यांचा ‘कॅलिफोर्निया जॅम’ झाला, त्यालाही लाखोंची गर्दी होती.

पण ग्यानबाची मेख पैशात होती. ट्रॅक बॉण्ड काढून, म्हणजे लोकांकडून कर्जाऊ पैसे घेऊन उभा केला होता. मोठ्या शर्यती वर्षातून मोजक्याच, व्याज मात्र बारा महिने चालू. चालवणाऱ्या कंपन्या बदलल्या, तरी हिशेब काही बसेना.

तोवर आजूबाजूला शहर वाढलं. १९६९ मध्ये सुमारे साडेसात हजार डॉलर एकरी असलेली जमीन १९८० पर्यंत दीड लाखावर गेल्याचा अंदाज होता. म्हणजे ट्रॅक तोट्यात आणि त्याखालची माती सोन्याची! शेव्हरॉन या तेल कंपनीच्या जमीन विभागाने हे बरोबर हेरलं. बॉण्ड घेऊन सुमारे १ कोटी डॉलरमध्ये सगळी जागा ताब्यात घेतली. नोव्हेंबर १९८० मध्ये नॅस्करची शेवटची शर्यत झाली, बेनी पार्सन्स जिंकला. पुढच्या वर्षी ट्रॅक पाडला. त्या जागेवर पुढे हॉटेल, ऑफिसं आणि एक मोठं बंदिस्त स्टेडियम आलं.

जवळच्याच फोंटाना इथे १९९७ मध्ये नवा अंडाकृती ट्रॅक झाला. तिथली शेवटची शर्यत फेब्रुवारी २०२३ मध्ये झाली. त्याची बरीचशी जमीनही विकली गेली, आपल्या भिवंडीसारखीच गोदामांसाठी.