बिओत्सी यांचे उंदीर आणि टी पेशींचा प्रश्न

शास्त्रज्ञ एखाद्या गटाला ‘उच्च’ आणि दुसऱ्याला ‘नीच’ म्हणतात, तेव्हा नेमकं काय मोजलेलं असतं? आज आपण हे एका उदाहरणावरून पाहू.

1960 च्या दशकात पॅरिसच्या क्यूरी संस्थेत ग्विदो बिओत्सी यांनी उंदरांना मेंढीच्या लाल रक्तपेशी टोचल्या. ज्यांच्या रक्तात प्रतिपिंडे सर्वांत जास्त निघाली, त्यांची जोडी आपसांत लावली; सर्वांत कमीवाल्यांची आपसांत. आपला शेतकरी बियाणं निवडतो, तसंच हे. पिढ्यान्‌पिढ्या निवड केल्यावर दोन वंशांतला फरक शेकडो पटींवर गेला. एका जनुकाचं हे काम नव्हतं; हिशेबानं सुमारे दहा निघाली.

आता फरक कुठे होता? त्याच काळात, 1966 मध्ये, अमेरिकेत हेन्री क्लॅमन यांनी दाखवलं होतं की थायमसच्या आणि अस्थिमज्जेच्या पेशी एकत्र दिल्या तरच भरपूर प्रतिपिंडे होतात. 1968 मध्ये मेलबर्नला मिचेल आणि मिलर यांनी सिद्ध केलं की प्रतिपिंडे मज्जेकडच्या पेशी करतात, थायमसच्या टी पेशी मदत करतात. मग साहजिकच वाटलं, की ‘नीच’ वंशाच्या टी पेशीच दुबळ्या असाव्यात.

पण तसं निघालं नाही. परक्या त्वचेचं कलम नाकारणं, हे टी पेशींचं काम, दोन्ही वंशांत जवळजवळ सारखंच होतं. मोठा फरक सापडला भक्षक पेशींत. ‘नीच’ वंशात त्या परकीय पदार्थ झपाट्यानं पचवून टाकतात; मग टी पेशींना दाखवायला उरतं थोडंच. म्हणजे मदतनीस धडधाकट, पण त्याच्यापर्यंत निरोपच नीट पोचत नाही! कमी मदत दिसली म्हणून मदतनीसच दुबळा, असं अनुमान आपण व्यवहारातही किती सहज करतो.

आणि खरी गंमत पुढे आहे. न्यूमोकॉकससारख्या पेशीबाहेर वाढणाऱ्या जंतूंपुढे ‘उच्च’ वंश तगला. पण साल्मोनेला पेशीत शिरून वाढतो, त्याच्यापुढे ‘नीच’ वंशच सरस ठरला, कारण त्याच्या भक्षक पेशी तरबेज.

तेव्हा ‘उच्च’ हा शब्द फक्त एका मापाचा होता, लायकीचा नव्हे. निसर्गानं दोन्ही प्रकार का राखले असावेत, ते यावरून उमगतं. माप आणि मूल्य यांची गल्लत आपण माणसांच्या बाबतीतही करतो, एवढं लक्षात ठेवून आज थांबू.