तीन मिनिटांचा ख्याल आणि नावाची जागा

धर्माबादची ओळख मिरचीच्या बाजाराची. अशा गावात बसून श्रवणाच्या इतिहासाचा विचार करण्याचे निमित्त आम्हांला एका सहकाऱ्याने आणलेल्या महागड्या नेटवर्क म्युझिक प्लेअरने पुरविले. या यंत्रात तबकडी नाही, फीत नाही. गाणी घरातल्याच एका हार्ड डिस्कवर असतात, राउटरच्या तारेतून अंकांच्या रूपाने येतात आणि या अंकांचा ध्वनी करणे एवढेच यंत्राचे काम. स्कॉटलंडच्या लिन कंपनीने २००७ साली ‘क्लायमॅक्स डीएस’ हे असे यंत्र आणले आणि दोनच वर्षांनी सीडी प्लेअर बनविणे थांबवीत असल्याचे जाहीर केले.

पण ही कथा जुनी आहे. नोव्हेंबर १९०२ मध्ये फ्रेड गाइसबर्ग याने कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे ध्वनिमुद्रित केले. पुढे ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. अब्दुल करीम खाँसाहेबांना आपला राग त्या अवधीत बसवावा लागला. ही केवळ काटछाट नव्हती. विलंबिताचे सावकाश उलगडणे तिथे शक्यच नव्हते, आणि तरीही त्या तबकड्यांनी मैफलीची दारे बंद असलेल्या घरांत ख्याल नेला. १९४८ साली एलपी आली आणि एका बाजूला वीसेक मिनिटे मिळाली. नव्या यंत्राचा ‘गॅपलेस’ गुण याच मालिकेतला. एमपी-३ सारख्या स्वरूपात फाइलच्या आरंभी व शेवटी थोडी शांतता भरली जाते. तुकडे केलेली मैफल वाजविताना ती नेमकी समेच्या तोंडावर येऊन बसते. चांगले यंत्र हा सांधा दिसू देत नाही. आम्ही ऐकले, फरक खरा आहे.

आमच्या भागाने मात्र संगीत प्रामुख्याने रेडिओवर ऐकले. हैदराबादचे खासगी केंद्र १९३५ साली निजाम सरकारने ताब्यात घेतले आणि १९५० मध्ये ते आकाशवाणीत आले. १९५२ नंतर केसकरांच्या कारकिर्दीत चित्रपटसंगीत आकाशवाणीवरून हद्दपार झाले, तेव्हा श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले; शास्त्रीय संगीताला मात्र १९५४ पासून संगीत संमेलनाचे व्यासपीठ लाभले. (केसकरांवर रागावणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे.) निवेदक गायकाचे नाव सांगे, रागाचे सांगे, आणि तबल्यावर कोण, संवादिनीवर कोण, तेही सांगे.

इथेच आमची अडचण आहे. गौहर जान गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारीत. तबकड्या जर्मनीत छापल्या जात, तिथल्या तंत्रज्ञांना ओळख पटावी म्हणून, असे सांगितले जाते. शंभर वर्षांनंतरच्या यंत्राच्या पडद्यावर रकाने आहेत कलाकार, अल्बम आणि प्रकार यांचे. राग कुठे लिहावा? आमच्या सहकाऱ्याने तो ‘प्रकार’ या रकान्यात कोंबला. तबलजीला जागा उरली नाही. दोष केवळ तंत्राचा म्हणता येत नाही, कारण २००१ पासून रूढ झालेल्या फ्लॅक स्वरूपात हवे तितके रकाने वाढविता येतात. पण पडद्यावर दिसतात ते तेवढेच, आणि जे दिसत नाही ते कोणी भरीत नाही.

आमच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी रेडिओवरून उतरविलेल्या कॅसेटी होत्या, वेष्टनावर पेन्सिलीने तारीख, राग आणि साथीदार लिहिलेले. शहरातल्या एका दुकानातून त्यांच्या फाइली करून आणल्या. परत आल्या त्या ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०२’ अशा नावांनी, आणि वेष्टने दुकानातच राहिली. त्यांतील एक मारवा आम्ही त्या यंत्रावर दोनदा ऐकला. गायकाचा आवाज ओळखू आला. तबला कोणाचा, हे खोलीतल्या आठ मराठी-संगीताच्या जाणकारांपैकी एकालाही सांगता आले नाही, सरांना विचारले, तर ते म्हणाले, “लिहिले होते की.”