‘सपोर्ट’ संपतो तेव्हा नेमके काय संपते?

१/ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट अधिकृतपणे थांबवला. आदल्या रात्री बंद केलेला संगणक दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्वीसारखाच सुरू झाला. त्याचा प्रोसेसर झिजला नव्हता, की हार्ड डिस्क खराब झाली नव्हती. तरीही तो ‘जुना’ ठरला. हा धागा या ‘ठरण्या’विषयी आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने संगणकाची उठाठेव का करावी, हे पुढे कळेलच.

२/ सुरुवात तेरपासून करू. धाराशिवजवळचे हे गाव म्हणजे ‘पेरिप्लस’मध्ये उल्लेखलेले प्राचीन तगर. तेथील त्रिविक्रम मंदिर पाहिले नसेल तर अवश्य पाहा. त्याची मागची बाजू गोलाकार, हत्तीच्या पाठीसारखी आहे, आणि वर विटांचे कमानदार छत. बहुतेक अभ्यासकांच्या मते ही वास्तू मुळात बौद्ध चैत्यगृह होती. नंतर पुढे सपाट छताचा मंडप जोडला गेला आणि आत त्रिविक्रमाची पूजा सुरू झाली.

३/ वास्तू जुनी, तिच्यावर चालणारी व्यवस्था नवी. मूळ बांधणाऱ्यांनी अशा वापराची कल्पनाही केली नसेल. पण भिंतींनी हरकत घेतली नाही आणि त्यामुळेच ती आजवर टिकली. जुन्या संगणकावर नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकणाऱ्यांचा उद्योग मला याच जातीचा वाटतो. (तुलना थोडी ताणलेली आहे, मान्य. पण तेरला गेल्यावर ती सुचल्यावाचून राहत नाही.)

४/ आता मराठीकडे वळू, कारण आपल्याकडे या प्रश्नाला एक वेगळाच पदर आहे. इंग्रजी वापरणाऱ्यासाठी नवी सिस्टिम म्हणजे नवी सोय. मराठीसाठी मात्र अनेकदा नवी सिस्टिम म्हणजे प्रथमच मिळालेली लिपी.

५/ पहिल्या पिढीचे डॉस संगणक देवनागरी जाणतच नव्हते. त्यावरचा भारतीय तोडगा म्हणजे जिस्ट कार्ड. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले हे काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले. संगणक उघडून आत हे कार्ड बसवले की पडद्यावर भारतीय लिप्या उमटत. म्हणजे सिस्टिम जे देत नव्हती, ते यंत्रात एक तुकडा बसवून मिळवले. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाण संकेतन ठरले आणि युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही त्याच्याच पायावर झाली.

६/ विंडोज ९५ आणि ९८ च्या काळात मराठी आली ती फॉन्टच्या रूपाने, आणि इथे एक मोठी फसगत होती. संगणकाच्या लेखी तुम्ही इंग्रजी अक्षरेच टाइप करत होता; फॉन्ट त्या अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार दाखवत होता. फॉन्ट काढून घेतला की ‘तुळजापूर’ नाहीसे होऊन जागेवर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ उरे. शिवाय प्रत्येक कंपनीच्या फॉन्टची मांडणी वेगळी. एका डीटीपी केंद्रातली फाइल दुसऱ्या केंद्रात वाचता येईलच, याची खात्री नसे.

७/ २००० साली आलेल्या विंडोज २००० मध्ये आणि २००१ च्या एक्सपीमध्ये देवनागरी युनिकोडची सोय मिळाली. मराठी विकिपीडिया सुरू झाला १ मे २००३ रोजी. पण विंडोज ९८ च्या संगणकावर असे पान उघडले तर पुष्कळदा नुसते चौकोन दिसत. एक्सपीवरही ही सोय आपोआप चालू नसे. कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन एका चौकटीत खूण करावी लागे, मग एक्सपीची सीडी मागितली जाई. खूण केली नाही तर पहिली वेलांटी अक्षराच्या अलीकडे न येता पलीकडे जाऊन बसे.

८/ म्हणून त्या काळी जुन्या संगणकावर एक्सपी टाकणे हा नुसता हौशी खटाटोप नव्हता. विंडोज ९८ ची किमान अपेक्षा १६ एमबी रॅमची, एक्सपीची ६४ एमबीची, आणि सुरळीत चालण्यासाठी शिफारस १२८ एमबीची. रॅमची एक पट्टी वाढवली की काम भागे. तालुक्याच्या गावी हे काम करणारे बहुधा संगणक क्लासमध्ये शिकवणारे तरुण असत. २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन होऊन एमएस-सीआयटीचे वर्ग गावोगावी निघाल्यावर अशा हातांची संख्या वाढली. त्यांच्या पिशवीतल्या सीडी अधिकृत असत का, हा प्रश्न त्या वेळी कोणी विचारत नसे.

९/ असाच एक संगणक आमच्या गावात आहे. एका निवृत्त गुरुजींनी तो २००० साली घेतला, तेव्हा त्यावर विंडोज ९८ होते. पाच वर्षांनी रॅम वाढवून त्यावर एक्सपी चढवले गेले. गुरुजींना मोडी उत्तम येते. परिसरातल्या घरांतली जुनी कागदपत्रे मागून आणायची, त्यांचे देवनागरीत लिप्यंतर करायचे आणि कागद सांभाळून परत द्यायचे, हा त्यांचा नेम. तीनशेहून अधिक पाने त्यांनी त्या यंत्रावर टाइप केली. सगळी जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये.

१०/ यांतले काही मूळ कागद आता त्या घरांतही राहिलेले नाहीत. घर पाडले, वाटण्या झाल्या, वाळवी लागली. म्हणजे त्या मजकुराचा एकमेव पुरावा गुरुजींच्या हार्ड डिस्कवर आहे, आणि एक्सपीचा सपोर्ट तर ८ एप्रिल २०१४ लाच संपला आहे.

११/ गेल्या दिवाळीत गुरुजी म्हणाले, “बाळ, यात ते नवीन विंडोज टाकता येतं का बघ.” माझ्याकडून उत्साहाच्या भरात होकार जाणार होता. तो गेला नाही हे बरे झाले. सिस्टिम नव्याने टाकताना डिस्क फॉरमॅट झाली असती, तर फाइलींबरोबर तो फॉन्टही गेला असता. फाइली परत मिळवता आल्या असत्या कदाचित. पण त्यांचे वाचन कोणत्या फॉन्टने करायचे, हे कळायला मार्ग उरला नसता.

१२/ म्हणून आधी डिस्क बाहेर काढली, अडॅप्टरने दुसऱ्या संगणकाला जोडली आणि तिची संपूर्ण प्रत घेतली. फाइलींबरोबर ‘फॉन्ट्स’ फोल्डरही. जुनी यंत्रे हाताळणाऱ्या प्रत्येकाला माझी एकच कळकळीची विनंती आहे: नवी सिस्टिम टाकण्यापूर्वी हे करा. कागदपत्रांचा बस्ता सोडताना आपण कागदांचा मूळ क्रम मोडत नाही, तीच शिस्त इथेही हवी.

१३/ त्या यंत्रावर विंडोज १० किंवा ११ टाकण्याचा प्रश्नच नव्हता. विंडोज ११ तर ३२-बिट प्रोसेसरसाठी काढलेच गेले नाही. लिनक्सच्या जगातही अशा यंत्रांचे दिवस सरत आले आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२-बिट इंटेल संगणकांसाठी स्वतंत्र इन्स्टॉलर देणे थांबवले. गुरुजींचा संगणक मी एक्सपीवरच ठेवला, इंटरनेटपासून तोडून. तो आता फक्त त्या फाइली मूळ रूपात दाखवण्यासाठी आहे.

१४/ वाचनालयातला संगणक मात्र वेगळ्या प्रकारचा आहे. सहाव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर, ८ जीबी रॅम, कामाला चोख. विंडोज ११ ची (प्रकाशन ५ ऑक्टोबर २०२१) अट आहे इंटेलच्या आठव्या पिढीची, म्हणजे साधारण २०१७ नंतरच्या प्रोसेसरची. शिवाय टीपीएम २.० हवे. टीपीएम म्हणजे गुप्त किल्ल्या सांभाळणारी सुरक्षित तिजोरी. ती स्वतंत्र चिप असते किंवा प्रोसेसरमध्येच अंतर्भूत असते. या संगणकात ती होती, फक्त बायोसमध्ये जाऊन चालू करावी लागली. तरीही उत्तर नकारच, कारण प्रोसेसरचे नाव यादीत नाही.

१५/ इथे इतिहासकाराने एक भेद करायला हवा. काही नकार यंत्राचे असतात, काही यादीचे. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीला ‘पॉपकाउंट’ नावाची प्रोसेसरमधली एक सूचना लागतेच. कोअर २ ड्युओसारख्या प्रोसेसरमध्ये ती नाही, म्हणून तिथे ही आवृत्ती सुरूच होत नाही. हा नकार यंत्राचा. सहाव्या पिढीला मिळालेला नकार यादीचा. इन्स्टॉलरच्या तपासण्या रजिस्ट्रीतल्या एक-दोन नोंदींनी वगळता येतात, आणि रूफससारखे साधन तशी पेन ड्राइव्हच तयार करून देते. जुन्या मॅकवर नवी मॅकओएस बसवणारे ‘ओपनकोअर लेगसी पॅचर’ हेही याच वाटेवरचे.

१६/ मी तसे करून पाहिले, विंडोज ११ व्यवस्थित चालले. मात्र मायक्रोसॉफ्टचे म्हणणे स्पष्ट आहे की अशा संगणकांना अपडेट मिळण्याचा हक्क नाही. मासिक अपडेट आले तरी वार्षिक आवृत्ती बहुधा स्वतः चढवावी लागते. माझ्या खोलीवरच्या संगणकावर मी हे आनंदाने करीन. पण वाचनालयात पोरे परीक्षांचे अर्ज भरतात, आधार आणि बँकेचे तपशील टाकतात. तिथे ‘चालते आहे तोवर चालू द्या’ हे धोरण मला पटले नाही. तिथे मी लिनक्स मिंट टाकले. मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट आहेच. पहिले आठ दिवस तक्रारी झाल्या, मग थांबल्या.

१७/ आता मूळ मुद्द्याकडे. सपोर्ट लिप्यांचाही संपतो. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. सरकारी दप्तर उर्दूत, घरचे व्यवहार पुष्कळसे मोडीत. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी शिकवणे थांबत गेले, आणि दप्तरातली उर्दू वाचणारे कारकून निवृत्त झाले. कागद तसेच राहिले. ते वाचणारा माणूस गेला.

१८/ याची किंमत २०२३ मध्ये दिसली. मराठवाड्यातील निजामकालीन कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, आणि जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी व उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. आरक्षणाच्या प्रश्नावर कोणाचे मत काहीही असो. एका कुटुंबाचा दाखला अखेर ‘हे पान कोणाला वाचता येते का’ यावर येऊन थांबत होता.

१९/ त्याच वर्षी उस्मानाबाद जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे धाराशिव झाले. १९९० च्या दशकापासून इथल्या कार्यालयांत, छापखान्यांत, शाळांत जे मराठी टाइप झाले, त्यातले पुष्कळसे युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहे. ‘उस्मानाबाद’ शोधा वा ‘धाराशिव’, त्या फाइलींत काहीच सापडणार नाही. कारण संगणकाच्या लेखी तिथे मराठी शब्दच नाहीत. विंडोज १० बाद ठरल्याने हे संगणक आता भंगारात निघतील, आणि जाताना कोणी फॉन्ट जपून ठेवील असे मला तरी दिसत नाही.

२०/ गुरुजींच्या फाइलींचे युनिकोडमध्ये रूपांतर सध्या चालू आहे. कन्व्हर्टर नव्वद टक्के काम करतो असे वाटते, मग एखादे पान येते आणि रफार चुकीच्या अक्षरावर दिसतो, ‘ऱ्या’ फुटतो, मध्येच इंग्रजीत लिहिलेली तारीख मराठी अक्षरांचा चिखल होते. अशा वेळी जुना संगणक सुरू करायचा, तीच फाइल एक्सपीवर उघडायची आणि दोन्ही पडदे शेजारी ठेवून ओळ तपासायची. गुरुजी खुर्चीवर बसून वाचतात, मी दुरुस्त करतो. काल एका वतनपत्रातील नावापाशी ते थांबले, चष्मा काढला आणि म्हणाले, “हे मीच चुकीचं वाचलं होतं तेव्हा.” आम्ही ती चूक तशीच ठेवून खाली टीप जोडली आहे. अजून एकशे चाळीस पाने बाकी आहेत.