शिक्षा एकाला, सोसणं घरादाराला

अलिबागला बाजाराला किंवा कचेरीत गेलात की हिराकोटाचा काळा दगडी तट तुम्ही पाहत असाल. कान्होजी आंग्र्यांच्या काळातला हा कोट. पुढे तिथे तुरुंग झाला. तटाच्या आत कोण होतं, हे सरकारी दप्तरात सापडतं. बाहेर भेटीसाठी ताटकळणाऱ्या आई-बायकोची नोंद सहसा कोणी ठेवत नाही. आज आम्ही तिच्याविषयी बोलणार आहोत.

आधी नाशिकला जाऊ. १९०९ साली बाबाराव सावरकरांना कविता छापल्याबद्दल जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि मालमत्ताही जप्त झाली. मागे राहिल्या त्यांच्या पत्नी यशोदाबाई, म्हणजे येसूवहिनी. राजद्रोह्याच्या घराशी संबंध ठेवायला लोक घाबरत. थोड्याच काळात धाकटे दीर विनायकरावही अंदमानात गेले. तिथल्या कैद्याला वर्षातून एखादंच पत्र मिळे. येसूवहिनींनी नाशिकच्या बायकांना एकत्र आणून आत्मनिष्ठ युवती संघ चालवला. दहा वर्षं त्यांनी नवऱ्याच्या भेटीची वाट पाहिली. १९१९ साली त्या वारल्या, आणि भेटीची परवानगी आली ती त्यानंतर.

मोठ्या नावामुळेही हे चुकत नाही. लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात असताना, १९१२ साली पुण्यात सत्यभामाबाई गेल्या. नवऱ्याला ते कळलं तारेनं.

आता आपल्या शेजारी या. रेवसच्या धक्क्यावरून खाडीपलीकडे दिसतो तो उरण तालुका. तिथल्या चिरनेर गावी २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रह झाला. पोलिसांनी गोळीबार केला, आठ सत्याग्रही हुतात्मा झाले. त्यानंतर धरपकड आणि खटले सुरू झाले. मैत्रिणींनो, महिना पाहा. सप्टेंबर संपत आलेला, म्हणजे भातकापणी तोंडावर. घरातला कर्ता पुरुष कोठडीत असेल तर विळा कोणाच्या हाती आला असेल, हे आपल्याला कोणी सांगायला नको. हुतात्म्यांची नावं आपण दरवर्षी घेतो, घ्यायलाच हवीत. पण त्या हंगामात ज्यांनी चूल विझू दिली नाही, त्यातल्या किती बायकांची नावं आपल्याला ठाऊक आहेत?

कोणी म्हणेल, ते देशासाठी तुरुंगात गेले होते, आजच्या कैद्याचं काय? गुन्हा केला असेल तर शिक्षा व्हावी, यात आमचं दुमत नाही. पण आपल्या देशातल्या तुरुंगांत चार कैद्यांमागे साधारण तिघांचा खटला अजून संपलेला नाही. आणि गुन्हा सिद्ध झाला तरी तो पोराबाळांनी केलेला नसतो. मांडव्याच्या बाईला मुंबईच्या तुरुंगात भेटीला जायचं तर एक दिवसाची मजुरी बुडते, वर जाण्यायेण्याचा खर्च. पावसाळ्यात गेटवेची लाँच बंद, मग एसटीनं वळसा. वकिलासाठी दागिने गहाण पडतात. शाळेत पोराला चिडवतात, आणि ते शाळेत जाईनासं होतं.

येसूवहिनींच्या वेळी नव्हते ते काही आधार आज आहेत. ते ऐकून ठेवा, कारण ज्या बाईला गरज असते तिला विचारायचीही लाज वाटते. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार कोठडीतल्या माणसाला, आणि कोणत्याही स्त्रीला, मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी अलिबागच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करायचा. पहिल्यांदाच आरोपी झालेल्याने त्या गुन्ह्याच्या जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कच्च्या कैदेत काढला असेल, तर त्याच्या जामिनाची तरतूद नव्या कायद्यात आहे. मात्र फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ती नाही, आणि एकाहून जास्त खटले असतील तरीही नाही. मुलांसाठी राज्याची बाल संगोपन योजना आहे. आपलं मूल त्यात बसतं का, हे महिला व बालविकास कार्यालयात विचारा. २०२२ पासून येरवड्याला ‘जिव्हाळा’ नावाची कर्जयोजना सुरू झाली. कैद्याला राज्य सहकारी बँकेकडून ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं, ते त्याच्या तुरुंगातल्या मजुरीतून फिटतं आणि पैसा घरच्यांच्या कामी येतो. आपला माणूस शिक्षा भोगत असेल, तर तुरुंगातल्या अधिकाऱ्यांना याविषयी जरूर विचारा.

आता आपल्या गटाविषयी. नवरा आत गेला की ती बाई बैठकीला येणं बंद करते. दोन हप्ते थकतात, आणि नाव कमी करायची भाषा सुरू होते. सावकाराच्या दारात जायची वेळ तिच्यावर येते ती इथे. आमचं म्हणणं एवढंच आहे: नाव कमी करू नका. ठराव करून दंड माफ करा, हप्त्याला मुदत द्या. कोर्टाच्या तारखेला एकीनं तिच्यासोबत जावं, दुसरीनं पोरांना जेवू घालावं. काय गुन्हा केला, हे तिला विचारू नका. ते कोर्ट विचारतंच आहे.

येत्या बैठकीत हा विषय घ्या. आणि आपल्या गावात असं एखादं घर असेल, तर बैठकीची वाटही न पाहता आजच त्या दारात जा.