‘पद्मिनी’चे इंजिन पुन्हा बसविताना

जुन्या मोटारीचे इंजिन उघडून ते नव्याने बांधण्याचे काम मुंबई-पुण्याच्या गॅरेजांना परके नाही. सिलिंडरचे बोअरिंग, क्रँकशाफ्टचे ग्राइंडिंग, नवे पिस्टन आणि बेअरिंग ही सारी कामे काटेकोर मोजमापाने होतात. मात्र असे सज्ज झालेले इंजिन आणि गिअरबॉक्स गाडीत बसविण्याचे काम अनेकदा घाईत उरकले जाते. वस्तुतः आधीच्या साऱ्या श्रमांचे आणि खर्चाचे भवितव्य या जोडणीवर व त्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासावर अवलंबून असते.

उदाहरणादाखल आपल्या परिचयाची ‘प्रीमिअर पद्मिनी’ घेऊ. कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्समध्ये १९६४ पासून तयार होऊ लागलेल्या ‘फियाट ११०० डिलाइट’चेच हे १९७४ नंतरचे नाव. चार सिलिंडरचे १०८९ सीसीचे इंजिन, ६८ मिलिमीटर बोअर, ७५ मिलिमीटर स्ट्रोक, चार गिअर आणि मागच्या चाकांना मिळणारी गती अशी तिची सुटसुटीत रचना. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदली गेलेली अखेरची पद्मिनी ऑक्टोबर २००३ मधील होती. वीस वर्षांची मुदत संपताच, ऑक्टोबर २०२३ मध्ये, तीही सेवेतून बाद झाली. आता ही गाडी टिकून आहे ती प्रामुख्याने हौशी मालकांमुळे.

मूळ इंजिनाचे मोल

इंजिन क्रमांक नोंदणी पुस्तकात लिहिलेला असतो. त्यामुळे दुसरे इंजिन बसविल्यास परिवहन कार्यालयात त्याची नोंद करून घेणे आवश्यक ठरते. केंद्र सरकारने २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. त्यांनुसार वाहन पन्नास वर्षांहून जुने आणि मूळ स्वरूपात जतन केलेले असावे, चॅसिस, बॉडी वा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. पद्मिनीच्या पहिल्या गाड्यांनी आता पन्नाशी गाठली आहे. साहजिकच, सोयीसाठी डिझेल इंजिन चढविण्यापेक्षा मूळ इंजिन बांधून घेणे अधिक शहाणपणाचे.

क्लच प्लेट मध्यावर हवी

इंजिन उचलण्यापूर्वी फ्लायव्हीलचा पृष्ठभाग तपासावा. त्यावर चरे वा निळसर डाग असतील तर तो लेथवर साफ करून घ्यावा. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग नवीनच घालावे. त्यासाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरविण्याची मजुरी सुट्या भागांहून महाग पडते. क्रँकशाफ्टच्या टोकातील छोटा बुश वा बेअरिंगही याच वेळी पाहून घ्यावे. प्रेशर प्लेटचे बोल्ट आवळण्यापूर्वी जुन्या गिअरबॉक्सचा शाफ्ट आत घालून क्लच प्लेट बरोबर मध्यावर आणावी आणि मग बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने थोडेथोडे आवळत जावेत.

गिअरबॉक्स इंजिनाला जोडताना त्याचा भार क्षणभरही क्लच प्लेटवर लोंबकळता कामा नये. तसे झाल्यास प्लेट वाकते आणि गाडी उठताना थरथरू लागते. गिअरबॉक्स जॅकवर किंवा साखळीवर तोलून सरळ रेषेत पुढे सरकवावा. तो अडत असेल तर बोल्ट आवळून ओढून घेण्याचा मोह टाळावा. मागे घेऊन पुन्हा जुळवावा. दोन्ही तोंडे हाताच्या जोराने एकमेकांना टेकल्यानंतरच बोल्ट लावावेत.

बॉनेट आणि रेडिएटर काढून, चेन पुलीने तिरके करून हे जोडलेले संच आत उतरविता येतात. गिअरबॉक्समधील तेल मात्र नंतर भरावे, अन्यथा ते मागील तोंडातून सांडते. रबरी फाउंडेशनचे सर्व बोल्ट आधी सैल लावून, इंजिन आपल्या जागी स्थिरावल्यावर आवळावेत. प्रोपेलर शाफ्ट उतरवताना केलेल्या खुणांप्रमाणेच परत जोडावा.

एक लहानसा पट्टा हमखास विसरला जातो, तो अर्थिंगचा. इंजिन रबरावर बसलेले असल्याने त्या पट्ट्याशिवाय स्टार्टरचा प्रवाह चोक वा अ‍ॅक्सिलरेटरच्या तारेतून वाट शोधतो आणि ती तार जळते.

आधी तेल, मग ठिणगी

नव्या बेअरिंगांना कोरडे फिरणे सर्वांत घातक. म्हणून तेल व पाणी भरल्यावर स्पार्क प्लग काढून ठेवावेत आणि तेलाच्या दाबाचा दिवा विझेपर्यंत स्टार्टरने इंजिन थांबत थांबत फिरवावे. प्लगच्या वायरी १-३-४-२ या क्रमाने लावून टायमिंग आधीच जुळवून ठेवावे, म्हणजे इंजिन पहिल्या प्रयत्नात सुरू होते.

कॅमशाफ्ट आणि टॅपेट नवे असतील तर सुरुवातीची सुमारे वीस मिनिटे इंजिन मंद न ठेवता दोन हजार फेऱ्यांच्या आसपास चालवावे. या इंजिनात कॅमवर टॅपेट सरळ घासतात आणि मंद गतीत त्यांना पुरेसे तेल मिळत नाही. या वेळात तेलाचा दाब, पाण्याचे तापमान आणि गळती यांकडे लक्ष असावे. दाब घसरला तर इंजिन तत्काळ बंद करावे.

त्यानंतर पहिले पाचशे किलोमीटर गाडी ना पळवावी, ना वरच्या गिअरमध्ये रेटावी. वेग कमी-अधिक ठेवल्याने रिंगा सिलिंडरशी जुळतात. हा टप्पा पार पडताच तेल व फिल्टर बदलावे, टॅपेट पुन्हा जुळवावेत, फाउंडेशनचे बोल्ट तपासावेत. गॅरेजशी व्यवहार ठरवतानाच ही दुसरी तपासणी त्यात धरून घ्यावी. सुरुवातीला राहिलेली किरकोळ त्रुटी बहुधा याच वेळी सापडते आणि मोठा खर्च वाचतो.