मुंबईचे तीन विमानतळ



विमानाचा इतिहास सांगावयास बसलें म्हणजे वक्त्याची दृष्टि साहजिकच आकाशाकडे जाते. वैमानिकांचीं साहसें, यंत्रांची वाढती गति, समुद्र ओलांडणाऱ्या उड्डाणांचे विक्रम, यांचीं वर्णनें आपण पुष्कळ ऐकलीं आहेत. आज मला बोलावयाचें आहे तें मात्र जमिनीविषयीं. विमानाला उतरावयास व पुन्हा उडावयास जी सपाट, कोरडी व मोकळी जागा लागते ती कोठें मिळावयाची आणि कोणाकडून घ्यावयाची, हा प्रश्न मुंबई शहराला गेल्या सुमारें शंभर वर्षांत तीन वेळां पडला, आणि त्याचीं तीन निरनिराळीं उत्तरें देण्यांत आलीं. जुहू, सांताक्रूझ व नवी मुंबई हीं तीं उत्तरें होत. त्या त्या वेळची निकड पाहून जागा ठरली. तेथल्या पाण्याचा व तेथें राहणाऱ्या माणसांचा विचार मात्र मागाहून झाला, असें माझें मत आहे.

मुंबई हें सात बेटें भर घालून जोडलेलें शहर. सपाट जमीन येथें मुळांतच थोडी, आणि जी आहे ती माणसांनीं केव्हांच व्यापलेली. म्हणून १९२८ सालीं विमानांसाठीं जागा पाहण्याची वेळ आली तेव्हां शहराची हद्द सोडून साष्टी बेटाच्या पश्चिम किनाऱ्याकडे जावें लागलें. जुहूच्या किनाऱ्यालगत एक चिखलवट मैदान होतें. झाडें नाहींत, घरें नाहींत, समुद्रावरून येणारा वारा मोकळा. जागा निवडणारास आणखी काय पाहिजे? त्याच सुमारास मुंबईचा फ्लाइंग क्लब निघाला, आणि हौशी मंडळी विमान चालविण्यास शिकूं लागली. त्यांत जहांगीर रतनजी दादाभाई टाटा हे एक होते. या देशांत देण्यांत आलेला पहिला वैमानिक परवाना १० फेब्रुवारी १९२९ रोजीं त्यांना मिळाला.

पुढें तीन वर्षांनीं या मैदानानें जो दिवस पाहिला तो आपल्या हवाई वाहतुकीचा आरंभदिन मानला जातो. विलायतेचें टपाल इंपीरियल एअरवेज कंपनीचीं विमानें कराचीपर्यंत आणीत. तें तेथून मुंबईस व मद्रासेस विमानानेंच न्यावें अशी योजना टाटा व त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं आंखली होती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं अठ्ठावीस वर्षांचे टाटा 'पस मॉथ' जातीचें एक लहानसें विमान घेऊन कराचीहून एकटेच निघाले. वाटेंत अहमदाबादेस ते उतरले. तेथें विमानाचें पेट्रोल डब्यांत भरून बैलगाडींतून आणण्यांत आलें होतें. बैलांनीं ओढून आणलेल्या इंधनावर विमान उडावें, याहून त्या काळाचें खरें चित्र दुसरें कोणतें असूं शकेल! दुपारीं तें विमान जुहूस उतरलें, आणि पुढचें टपाल घेऊन व्हिन्सेंट बेल्लारीच्या मार्गानें मद्रासेकडे गेले.

कंपनीची एकंदर मालमत्ता म्हणजे दोन लहान विमानें आणि ताडाच्या झांवळ्यांनीं शाकारलेली एक झोंपडी. जमिनीवर किंवा विमानांत बिनतारी यंत्र नाहीं, रात्रीं उतरण्यासाठीं दिवे नाहींत. आजच्या प्रवाशाला हें ऐकून अंगावर कांटा येईल. परंतु त्या काळच्या लहान विमानाला थोडी जागा पुरे, आणि वैमानिकाची नजर हेंच सर्वांत मोठें साधन असे.

उणीव होती ती मैदानांतच, आणि ती पावसाळ्यांत उघड होई. भरतीच्या वेळीं ही जागा समुद्रसपाटीच्या खालीं जाई. मृग बरसला कीं तिचें तळें होई, आणि तेथें विमान उतरविणें म्हणजे तें बुडविण्यासारखेंच. तेव्हां कंपनी आपलीं दोन विमानें, मूठभर वैमानिक व मिस्त्री यांसह बिऱ्हाड उचलून पुण्यास जाई. तेथें येरवड्याच्या तुरुंगाच्या सावलींत एक मैदान तिला वापरावयास मिळालें होतें. हा तोच तुरुंग कीं ज्यांत १९३२ च्या सप्टेंबरांत, म्हणजे त्या पहिल्या उड्डाणापूर्वीं अवघे तीन आठवडे, महात्मा गांधींचें उपोषण व पुणें करार झाला. मुंबईचा विमानतळ पावसाळाभर पुण्यास मुक्कामाला यावा, याचें पुणेकरांना त्या वेळीं किती समाधान वाटलें असेल, तें मी सांगण्याची गरज नाहीं. मला यांत निराळेंच कांहीं दिसतें. ज्या मंडळींनीं जुहूची जागा वापरली त्यांनीं पाण्याशीं झगडा मांडला नाहीं. पाणी आलें कीं तीं उठून गेलीं, ओसरलें कीं परत आलीं. दोन विमानांच्या संसाराला तें परवडलें. हजार माणसें उतरविणाऱ्या विमानतळाला असें बिऱ्हाड हालवितां येत नाहीं.

दुसरी जागा लढाईनें निवडली. दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ च्या सुमारास, ब्रिटिश हवाई दलानें जुहूच्या पूर्वेस साधारण दोन किलोमीटरांवर सांताक्रूझ येथें मोठा तळ बांधला. लढाऊ व मालवाहू विमानांना लांब व पक्की धांवपट्टी हवी होती, ती जुहूच्या चिखलांत होण्यासारखी नव्हती. मरोळ, सहार, चकाला या बाजूचीं भातशेतें आणि जुनीं गांवठाणें यांच्या शेजारीं हा तळ उभा राहिला. युद्धाच्या धामधुमींत पन्नास वर्षांनंतरच्या शहराचा विचार कोणी करावा अशी अपेक्षा नाहीं, आणि त्याबद्दल त्या अधिकाऱ्यांना दोष देणेंही बरोबर नव्हे. दोष द्यावयाचा तर तो पुढच्या काळाला. स्वराज्य आल्यावर १९४८ सालीं मुंबईची नागरी वाहतूक जुहूहून सांताक्रूझला हलली. तयार धांवपट्टी आयती मिळाली, एवढ्या एका कारणानें लष्कराची तात्पुरती सोय ही शहराची कायमची व्यवस्था होऊन बसली.

जुहू व सांताक्रूझ यांच्या सान्निध्यानें एक चमत्कारिक अडचण उत्पन्न केली. दोहोंच्या मुख्य धांवपट्ट्या जवळजवळ एकाच दिशेस आंखलेल्या असल्यामुळें वरून पाहणाराची फसगत होई. १५ जुलै १९५३ रोजीं ब्रिटिश कंपनीचें 'कॉमेट' नांवाचें नवें कोरें जेट विमान सांताक्रूझ समजून जुहूस उतरलें. सुदैवानें कोणास इजा झाली नाहीं. परंतु एवढें मोठें विमान त्या आंखूड धांवपट्टीवरून पुन्हा उडवितां यावें म्हणून त्याचें ओझें कमी करावें लागलें, आणि तें बाहेर निघेपर्यंत नऊ दिवस गेले. यावरून सर्वजण शहाणे झाले असें म्हणावें, तर २४ सप्टेंबर १९७२ रोजीं जपानी कंपनीच्या विमानानें तीच चूक केली. तें धांवपट्टीच्या पलीकडे गेलें व कायमचें निकामी झालें. माणसें मात्र वांचलीं.

सांताक्रूझची पुढील वाढ थोडक्यांत सांगतों. १९५८ सालीं नवी इमारत झाली, पुढें सहारच्या बाजूस परदेशी प्रवाशांसाठीं दुसरी झाली. २००६ सालीं कारभार खाजगी कंपनीकडे गेला, आणि २०१४ सालीं आजची भव्य इमारत उघडली. इमारती वाढल्या, जमीन वाढली नाहीं. सुमारें साडेसातशें हेक्टरांची ती जागा. तिच्या कुंपणाला टेंकून झोंपड्या, चाळी, गिरण्या व उंच घरें उभीं राहिलीं. दोन धांवपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदून जातात, त्यामुळें एकाच वेळीं दोन्ही वापरतां येत नाहींत. तरीही त्यांवर दिवसाकांठीं नऊशेंहून अधिक विमानांची ये-जा करून दाखविण्यांत आली. ही कर्तबगारी खरीच, पण ती अडचणींत कोंडलेल्या माणसाची कर्तबगारी आहे.

आणि येथेंही पाणी होतेंच. विहार व पवई तलावांचें सांडपाणी घेऊन निघणारी मिठी नदी सुमारें अठरा किलोमीटर वाहून माहीमच्या खाडीस मिळते. मूळ धांवपट्टी वाढवितांना ती या नदीच्या वाटेंत आली. नदीला धांवपट्टीखालून नेण्यांत आलें, विमानतळाजवळ तिला जवळजवळ काटकोनांत वळणें घ्यावीं लागलीं, आणि तिच्या दोन्ही कांठांवर वस्ती दाटली. कागदावर नदीला वळण देणें सोपें. एक रेघ पुसून दुसरी ओढली कीं झालें. २६ जुलै २००५ च्या मंगळवारीं सांताक्रूझच्या वेधशाळेंत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्या रात्रीं आम्हीं शिक्षकांनीं शाळेच्या वरच्या मजल्यावर मुलांना बसवून ठेविलें होतें. घरीं निरोप पोंचविण्याचें साधन नव्हतें, आणि पहांटेपर्यंत जिन्याच्या पायऱ्या मोजून आम्ही पाणी चढलें कीं उतरलें तें पाहत होतों. विमानतळ पाण्याखालीं गेला व बंद पडला. शेंकडों माणसें मेलीं. नंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालीं जी समिति नेमली गेली तिच्यापुढें मिठीच्या या अडलेल्या प्रवाहाचा प्रश्न प्रामुख्यानें आला. सत्तर वर्षांपूर्वीं टाटांचीं विमानें ज्या पाण्याला भिऊन पुण्यास जात, तेंच हें पाणी.

तिसऱ्या जागेचा शोध मात्र शांततेच्या काळांत, विचारासाठीं भरपूर अवधि असतां झाला. १९९७ पासून सरकारी समित्या बसल्या. अलिबागकडील रेवस-मांडवा ही जागा पाहण्यांत आली. पुढें पनवेलजवळची, सिडकोच्या ताब्यांतील जागा पुढें आली. केंद्र सरकारनें २००७ सालीं तत्त्वतः मान्यता दिली, आणि २०१० च्या नोव्हेंबरांत पर्यावरण खात्याची परवानगी मिळाली. म्हणजे जागा सुचविण्यापासून हुकूम मिळण्यापर्यंतच तेरा वर्षें गेलीं. पायाचा दगड १८ फेब्रुवारी २०१८ रोजीं बसला, उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं झालें, आणि त्याच वर्षीं २५ डिसेंबरला प्रवासी विमानें उडूं लागलीं.

या दिरंगाईबद्दल वर्तमानपत्रांतून पुष्कळ हळहळ व्यक्त झाली आहे. तींतील कांहीं वर्षें निव्वळ फायलींत गेलीं हें खरें. पण सारींच वर्षें वायां गेलीं असें मी म्हणणार नाहीं. ही जागा म्हणजे उलवे व गाढी या नद्यांच्या मुखाजवळचें खाजण. तिवरें, मिठागरें, मासेमारीच्या खाड्या, आणि मध्येंच सुमारें नव्वद मीटर उंचीचा उलव्याचा डोंगर. मूळ आराखड्यांत दोन समांतर धांवपट्ट्यांमधील अंतर १८०० मीटर धरलें होतें, आणि त्यासाठीं उलवे व गाढी या दोन्ही नद्यांचे प्रवाह वळवावे लागणार होते. परवानगीच्या वेळीं झालेल्या वादांतून हें अंतर १५५० मीटरांवर आणण्यांत आलें, आणि गाढी नदी जागच्या जागीं राहिली. उलवे नदी मात्र वळविली गेली. अडीचशें मीटरांची ही माघार मला फार महत्त्वाची वाटते. मुंबईच्या विमानतळांच्या इतिहासांत आराखड्यानें नदीसाठीं आपली रेघ सरकविली, असें हें एकच उदाहरण मला सांपडतें.

माणसांची हकीकत इतकी सरळ नाहीं. ११६० हेक्टरांच्या या प्रकल्पासाठीं दहा वस्त्या उठल्या. कोपर, कोल्ही, चिंचपाडा, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, वरचें ओवळें, वाघिवलीवाडा हीं त्यांतील कांहीं नांवें. सुमारें तीन हजार कुटुंबें. बहुतेक आगरी व कोळी. या भागांतील लोकांना सरकारी भूसंपादन कांहीं नवें नव्हतें. नव्या मुंबईसाठीं १९७० नंतर पंचाण्णव गांवांच्या जमिनी घेण्यांत आल्या तेव्हांपासून त्यांची झुंज चालू होती. १९८४ च्या जानेवारींत जासई व न्हावाशेवा येथें गोळीबार होऊन पांच माणसें मेलीं, तेव्हां या लढ्याचें नेतृत्व शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील यांच्याकडे होतें. गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकाला परत द्यावी हें तत्त्व त्या रक्तांतून निघालें. विमानतळाच्या वेळीं तेंच प्रमाण साडेबावीस टक्क्यांवर गेलें. ज्यांनीं तें मिळविलें त्यांचें नांव विमानतळास द्यावें या मागणीसाठीं हजारों माणसें रस्त्यावर आलीं, आणि राज्य मंत्रिमंडळानें २०२२ सालीं ती मान्य केली.

साडेबावीस टक्के हा आंकडा ऐकावयास बरा वाटतो. त्या भूखंडाची किंमतही आज मोठी येत असेल, आणि कित्येक कुटुंबांनीं पक्कीं, उंच घरें बांधलीं आहेत. पण खाडी टक्क्यांनीं परत देतां येत नाहीं. ज्याच्या नांवावर सात-बारा होता त्याला भूखंड मिळाला. जो केवळ ओहोटीला पाण्यांत उतरून कोळंबी, निवट्या व खेंकडे पकडी, आणि ज्याच्या हक्काचा कोठें कागदच नव्हता, त्याचा हिशेब कोणत्या रकान्यांत मांडावा याचें समाधानकारक उत्तर मला कोणत्याही योजनेंत आढळलें नाहीं. विमानतळ नको होता असें माझें म्हणणें नाहीं. सांताक्रूझला श्वास घेण्यास जागा उरली नव्हती, हें मीं आतांच सांगितलें. परंतु त्या कोळिणीनें जें दिलें तें हिशेबांत धरलेंच गेलें नाहीं, हेंही त्याच इतिहासांत लिहून ठेवावयास हवें.

जुहूचें मैदान अजून आहे. तेथून समुद्रांतील तेलविहिरींवर माणसें नेणारीं हेलिकॉप्टरें उडतात, आणि शेजारच्या इमारतींतून तीं रोज दिसतात. उलव्याचा डोंगर मात्र राहिला नाहीं. सुरुंग लावून तो उतरविला, आणि त्याच्याच दगडानें पायथ्याचें खाजण भरून वर धांवपट्टी केली. भूगोलाच्या तासाला मीं जो पनवेल तालुक्याचा नकाशा फळ्यावर टांगीत असें, तो कापडी नकाशा निवृत्तीच्या वेळीं मीं मागून घेतला. त्यावर खाडीच्या निळ्या रंगाजवळ तपकिरी रंगाचा एक लहानसा ठिपका आहे, आणि त्याखालीं बारीक अक्षरांत लिहिलें आहे : उलवें.