न्यू इंग्लिश स्कूल, पुणे

पुण्याच्या शनिवार पेठेतील माध्यमिक शाळा. पुणेकर तिला ‘रमणबाग’ म्हणूनच ओळखतात. जानेवारी १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक आणि महादेव बल्लाळ नामजोशी यांनी ती बुधवार पेठेतील मोरोबादादा फडणीस यांच्या वाड्यात सुरू केली. डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि फर्ग्युसन कॉलेज या दोन्ही संस्था या शाळेतूनच निघाल्या. शाळेच्या प्रमुखाला पूर्वी ‘सुपरिंटेंडेंट’ म्हणत. आज ‘मुख्याध्यापक’ म्हणतात. शाळेचा इतिहास पुष्कळदा तिच्या संस्थापकांच्या चरित्रांत विरघळून जातो. प्रमुखाच्या पदाकडे पाहिले तर मात्र तो स्वतंत्रपणे दिसतो.

शाळा निघाली तेव्हा पुण्यात इंग्रजी शिक्षणाची सोय नव्हती असे नाही. विश्रामबागवाड्यात सरकारी हायस्कूल होते, मिशनऱ्यांच्या शाळा होत्या आणि बाबा गोखले यांची खासगी शाळाही चालून गेली होती. चिपळूणकरांनी बाबा गोखल्यांच्या शाळेत काही काळ शिकवले होते. नंतर ते पुण्याच्या सरकारी हायस्कुलात शिक्षक झाले. त्यांचे ‘निबंधमाला’ हे मासिक १८७४ पासून निघत होते. सरकारी नोकरी आणि सरकारवर टीका करणारे मासिक या दोन गोष्टी एकाच माणसाने चालवणे अवघडच होते. त्यांची बदली रत्नागिरीला झाली आणि १८७९ मध्ये त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला. त्याच सुमारास डेक्कन कॉलेजात कायद्याचा अभ्यास करणारे टिळक आणि एम. ए. ची तयारी करणारे गोपाळ गणेश आगरकर यांच्यात शिक्षणसंस्था काढण्याच्या चर्चा चालू होत्या. चिपळूणकर पुण्यात शाळा काढणार असे कळल्यावर दोघे त्यांना मिळाले. आगरकरांची परीक्षा व्हायची होती, म्हणून ते जानेवारी १८८१ मध्ये प्रत्यक्ष रुजू झाले.

पहिले प्रमुख चिपळूणकर होते. वयाने आणि लौकिकाने ते सर्वांत मोठे, शिवाय शिक्षकाचा अनुभवही त्यांनाच अधिक. पण त्यांचा पिंड कारभाराचा नव्हता. वेळापत्रक, हजेरी, परीक्षांचे निकाल, पालकांच्या तक्रारी या रोजच्या कामांना दुसरा माणूस हवा होता. तो शाळेला पहिल्याच वर्षी मिळाला.

वामन शिवराम आपटे (१८५८–१८९२) हे सावंतवाडी संस्थानातील बांद्याजवळच्या असोलोपाल गावचे. आईवडिलांचे छत्र त्यांनी लहानपणीच गमावले. कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात त्यांच्या हुशारीकडे मुख्याध्यापक महादेव मोरेश्वर कुंटे यांचे लक्ष गेले आणि त्यांच्या आधाराने शिक्षण पुढे चालू राहिले. हे कुंटे म्हणजे ‘राजा शिवाजी’ या काव्याचे कर्ते. मॅट्रिकला संस्कृतसाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती आपट्यांनी मिळवली, डेक्कन कॉलेजात कीलहॉर्न यांच्यासारख्या पंडिताच्या हाताखाली शिकले आणि एम. ए. झाले. १८८० मध्ये ते सुपरिंटेंडेंट झाले तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचे होते.

शाळेला आकार दिला तो आपट्यांनी. टिळक आणि आगरकर यांच्या तेजापुढे हे नाव मागे पडले. पण शाळा म्हणून रोज काय चालत होते हे पाहिले तर पहिला मान त्यांच्याकडे जातो. शिस्तीच्या बाबतीत ते कडक होते आणि संस्कृत व इंग्रजी शिकवताना पाठांतराइतकाच वाक्यरचनेवर भर देत. १८८१ मध्ये निघालेले त्यांचे संस्कृत रचनेवरचे इंग्रजी पाठ्यपुस्तक नंतर अनेक पिढ्यांच्या हातात राहिले. इंग्रजी-संस्कृत कोश (१८८४) आणि संस्कृत-इंग्रजी कोश (१८९०) ही त्यांची मोठी कामे. संस्कृत-इंग्रजी कोश आजही छापला जातो. शाळेचा कारभार, अध्यापन आणि कोशरचना हे सारे एकाच वेळी चालत असे. जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती पहिल्या काही वर्षांतच या शाळेतल्या मुलांना मिळू लागली. ज्या परीक्षेने आपट्यांना वर आणले, तीच शाळेचा लौकिक मोजण्याचे माप ठरली. मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक हेच त्या काळी कोणत्याही हायस्कूलचे खरे प्रगतिपुस्तक असे.

शिक्षकवर्गातील कामाची वाटणी ठरलेली होती. टिळकांकडे गणित. अवघड उदाहरणे ते फळ्यावर पायऱ्या न मांडता तोंडी सोडवत, त्यामुळे हुशार मुले खूश आणि बाकीची हवालदिल होत, अशी आठवण विद्यार्थी सांगत. वासुदेव बाळकृष्ण केळकर इंग्रजी शिकवत. शेक्सपिअरच्या नाटकावरून त्यांनी केलेले ‘त्राटिका’ मराठी रंगभूमीवर फार गाजले. महादेव शिवराम गोळे हेही लवकरच आले. नामजोशी वर्गापेक्षा वर्गाबाहेर अधिक उपयोगी पडले. पैसा जमवणे, संस्थानिकांच्या आणि अधिकाऱ्यांच्या भेटी घेणे, वर्तमानपत्रे चालवणे ही कामे त्यांच्याइतकी इतर कुणाला साधत नसत. पहिल्या वर्षी चिपळूणकर आणि टिळक यांनी पगार घेतला नाही. वर्षअखेरीस विद्यार्थी तीनशेच्या वर गेले आणि १८८४ पर्यंत संख्या हजारावर पोचली. सरकारच्या आधाराशिवाय एतद्देशीय तरुणांनी चालवलेल्या शाळेची अशी वाढ त्या काळात अपवादात्मक होती.

१८८२ हे वर्ष शाळेच्या कसोटीचे. १७ मार्चला चिपळूणकर वारले. वय अवघे एकतीस. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे याच मंडळींनी जानेवारी १८८१ मध्ये सुरू केली होती. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या छळाबद्दल त्यांत आलेल्या मजकुरावरून दिवाण बर्वे यांनी फिर्याद केली आणि टिळक व आगरकर यांना शिक्षा झाली. दोघे मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस होते. एक संस्थापक गेलेला, दोन प्रमुख शिक्षक तुरुंगात, अशा स्थितीत शाळा चालू राहिली, ती आपटे आणि नामजोशी यांच्यामुळे. त्याच वर्षी आपट्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे शाळेचे सुपरिंटेंडेंट या नात्याने साक्ष दिली. याच आयोगाला पुण्यातून जोतीराव फुले यांनीही निवेदन दिले होते. सरकार उच्च शिक्षणावर खर्च करते आणि रयतेच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणाकडे दुर्लक्ष करते, ही फुल्यांची तक्रार होती. न्यू इंग्लिश स्कूलचे विद्यार्थी आणि शिक्षक प्रामुख्याने ब्राह्मण होते. शाळेला ‘राष्ट्रीय’ म्हणताना ही मर्यादा डोळ्याआड करून चालत नाही.

२४ ऑक्टोबर १८८४ रोजी डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली आणि शाळेची मालकी व्यक्तींकडून संस्थेकडे गेली. प्रमुखपदाचे स्वरूपही येथे पक्के झाले. किमान वीस वर्षे अल्प वेतनावर काम करण्याची प्रतिज्ञा घेणारे शिक्षक म्हणजे आजीव सदस्य. हे वेतन पुढे बराच काळ दरमहा ७५ रुपये राहिले. कोणी वर्गावर शिकवो की प्रमुखाच्या खुर्चीत बसो, आजीव सदस्य म्हणून त्याचे मत एकच. सरकारी हायस्कुलात मुख्याध्यापक हा शिक्षण खात्याचा अधिकारी असे. त्याची बदली होई, बढती होई, पगार वेगळा असे. येथे सुपरिंटेंडेंट म्हणजे सहकाऱ्यांनी काम सोपवलेला सहकारी होता. त्यामुळे या संस्थेत खुर्चीवरून भांडणे फारशी झाली नाहीत. झाली ती प्रतिज्ञेच्या अर्थावरून, आणि ती फार कडवट झाली.

२ जानेवारी १८८५ रोजी फर्ग्युसन कॉलेज शनिवार पेठेतील गद्रे वाड्यात सुरू झाले. एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य वर्ड्स्वर्थ यांच्या हस्ते उद्‌घाटन झाले. हे गृहस्थ कवी वर्ड्स्वर्थचे नातू. आपटे कॉलेजचे पहिले प्राचार्य झाले. शाळा आणि कॉलेज यांचा शिक्षकवर्ग सुरुवातीला बराचसा एकच होता. सकाळी मॅट्रिकच्या मुलांना भूमिती शिकवणारा माणूस दुपारी कॉलेजात तास घेई. गोपाळ कृष्ण गोखले याच सुमारास शाळेत शिक्षक म्हणून आले आणि नंतर आजीव सदस्य झाले. अंकगणितावरचे त्यांचे पाठ्यपुस्तक शाळांतून खूप चालले.

प्रतिज्ञेच्या अर्थावरील वादाचे मूळ आजीव सदस्यांच्या बाहेरच्या कामांत होते. आजीव सदस्याने आपला सगळा वेळ संस्थेला द्यावा आणि बाहेरून मिळकत घेऊ नये, जेझुइट साधूंसारखे दारिद्र्याचे व्रत पाळावे, असे टिळकांचे म्हणणे. आगरकर आणि गोखले यांना इतका कडक नियम अव्यवहार्य वाटे. त्यात सामाजिक सुधारणांचा मतभेद मिसळला. आगरकरांनी १८८७ मध्ये ‘केसरी’ सोडला आणि पुढच्या वर्षी ‘सुधारक’ काढला. १८९० मध्ये गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले तेव्हा तडजोडीची उरलीसुरली शक्यता संपली आणि टिळकांनी राजीनामा दिला. त्यांचा राजीनामा हा संस्थेच्या पहिल्या दशकाचा त्यांनी लिहिलेला लांबलचक इतिहासच आहे. प्रत्येक बाजूने स्वतःला मूळ ध्येयाचा खरा वारस मानले. टिळकांची तत्त्वनिष्ठा निर्विवाद असली तरी पोटापुरत्या वेतनावर संसार चालवणाऱ्या माणसाला वर्तमानपत्र किंवा पुस्तक यांच्या मिळकतीपासून तोडणे संस्थेला परवडणारे नव्हते, असेच पुढच्या घटनांवरून दिसते. आपट्यांच्या कोशांची आणि केळकरांच्या नाटकांची उदाहरणे समोरच होती.

पुढची पाच-सहा वर्षे मृत्यूंची आहेत. आपटे ९ ऑगस्ट १८९२ रोजी वारले, चौतिसाव्या वर्षी. त्यांच्यानंतर आगरकर प्राचार्य झाले. दम्याने खंगून १७ जून १८९५ रोजी तेही गेले. केळकरही त्याच वर्षी आणि नामजोशी १८९६ मध्ये. शाळा काढणाऱ्या पिढीपैकी संस्थेच्या कामात उरलेल्यांत गोळे प्रमुख होते. ‘ब्राह्मण आणि त्यांची विद्या’ हे त्यांचे पुस्तक १८९५ चे. त्याच वर्षी ते प्राचार्य झाले आणि १९०२ पर्यंत त्यांनी काम केले. नंतर रँग्लर र. पु. परांजपे यांचा दीर्घ कार्यकाळ सुरू झाला.

१८९५ मध्ये कॉलेज चतुःशृंगीच्या वाटेवरील नव्या इमारतीत गेले आणि शाळा गावात राहिली. शाळा आणि कॉलेज खऱ्या अर्थाने वेगळी झाली ती तेव्हा. फर्ग्युसनच्या प्राचार्यांची मालिका पुणेकराला तोंडपाठ असते; शाळेच्या सुपरिंटेंडेंटांची नावे मात्र फक्त माजी विद्यार्थ्यांच्या आठवणींत राहतात. आजीव सदस्यांपैकी ज्याला मोठा लौकिक, तो कॉलेजकडे ओढला जाई आणि शाळेच्या वाट्याला शांतपणे वर्षानुवर्षे काम करणारी माणसे येत. शाळेचे त्यात नुकसान झाले असे म्हणता येत नाही. संस्थेने १८९९ मध्ये साताऱ्यालाही न्यू इंग्लिश स्कूल काढले. पुण्यात टिळक रस्त्यावर दुसरी शाखा निघाली आणि मूळ शाळेला ‘रमणबाग’ हे नाव चिकटले.

विसाव्या शतकात प्रमुखपदाची पात्रता बदलत गेली. मुंबईत १९०६ मध्ये सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज निघाले आणि शिक्षकाला अध्यापनाची पदवी हवी हा विचार रुजू लागला. मॅट्रिकची जागा स्वातंत्र्यानंतर एस. एस. सी. ने घेतली. सरकारी वेतन-अनुदान वाढत गेले तसा शिक्षकांचा पगार संस्थेच्या ऐपतीवर अवलंबून राहिला नाही. महाराष्ट्रातील खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा १९७७ चा आणि त्याखालील नियमावली १९८१ ची. तिच्यानुसार मुख्याध्यापकासाठी पदवी, अध्यापनाची पदवी आणि किमान पाच वर्षांचा अध्यापनाचा अनुभव लागतो, आणि अल्पसंख्याकांच्या शाळा वगळता ते पद सामान्यतः सेवाज्येष्ठतेने भरले जाते. मुख्याध्यापकाची नेमणूक संस्था करत असली तरी तिला शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता लागते. या नियमांच्या कसोटीला बावीस वर्षांचे, अध्यापनाची पदवी नसलेले वामन शिवराम आपटे उतरले नसते. टिळक आणि आगरकर तर वर्गावरही उभे राहू शकले नसते. मात्र याच नियमांमुळे संस्थाचालकाच्या मर्जीवर शिक्षकाची नोकरी जाण्याचा धोका खूप कमी झाला. शाळा आजही डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या व्यवस्थापनाखाली शनिवार पेठेत चालू आहे.